नियम बदलल्याचे मेंदू कसे ओळखतो?

मेंदूच्या पुढच्या भागाचा, म्हणजे फ्रंटल लोबचा, मोठा तुकडा शस्त्रक्रियेने काढल्यावरही काही रुग्णांचा बुद्ध्यांक जवळपास पूर्वीइतकाच राहतो, हे मॉन्ट्रियल येथे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९३०च्या दशकाअखेरीस नोंदवले. मग हा एवढा मोठा भाग करतो तरी काय?

हेब यांच्या विद्यार्थिनी ब्रेंडा मिलनर यांनी १९६३ साली पत्त्यांच्या एका चाचणीतून याचे उत्तर शोधले. समोर चार पत्ते मांडलेले असतात: एक लाल त्रिकोण, दोन हिरव्या चांदण्या, तीन पिवळ्या फुल्या आणि चार निळी वर्तुळे. हातात येणारा प्रत्येक पत्ता यांपैकी एकाशी जुळवायचा असतो, पण रंग पाहायचा, आकार की संख्या, हे परीक्षक सांगत नाही. तो फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतो. सलग दहा उत्तरे बरोबर आली की तो काहीही न सांगता नियम बदलतो. निरोगी माणूस दोन-चार चुकांनंतर नवा नियम शोधू लागतो. एपिलेप्सीच्या उपचारासाठी फ्रंटल लोबचा वरचा-बाहेरचा भाग काढलेले मिलनर यांचे रुग्ण मात्र पुन्हापुन्हा ‘चूक’ ऐकूनही जुन्याच नियमाला चिकटून राहत.

शब्दसंग्रह आणि सामान्य ज्ञान विचारणाऱ्या चाचण्यांत हा दोष दिसत नाही, कारण तिथे आधी साठवलेले ज्ञान कामी येते. केंब्रिजचे मेंदूसंशोधक जॉन डंकन यांनी १९९५ साली सहकाऱ्यांसह दाखवले की अशा चाचण्यांत उत्तम गुण मिळवणारे फ्रंटल इजेचे काही रुग्ण अगदी नव्या धर्तीची कोडी सोडवताना बरेच मागे पडतात. पाठांतरालाच हुशारी समजणाऱ्या आपल्या परीक्षांनी या निष्कर्षाची गंभीर दखल घ्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

हे घडते कसे? २००१ साली माकडांवर झालेल्या प्रयोगांत प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधील, म्हणजे फ्रंटल लोबच्या पुढच्या भागातील, काही चेतापेशी ‘दोन चित्रे सारखी असतील तर प्रतिसाद द्यायचा’ किंवा ‘वेगळी असतील तर द्यायचा’ अशा नियमानुसार कमी-अधिक सक्रिय होताना आढळल्या, मग समोरचे चित्र कोणतेही असो. नियम असा पेशींच्या सक्रियतेत धरून ठेवलेला असल्यामुळे तो झटकन बदलताही येतो. नियम आता लागू पडत नाही, याचे संकेतही मेंदूत उमटतात: अपेक्षित बक्षीस मिळाले नाही की डोपामिन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या पेशींची सक्रियता क्षणभर घटते, आणि मेंदूच्या मध्यरेषेलगतचा अँटीरियर सिंग्युलेट हा भाग चूक झाल्यावर अधिक सक्रिय होतो. अर्थात हे काम एकट्या फ्रंटल लोबचे नाही. कोडे शब्दांचे असो, आकृत्यांचे असो वा आकड्यांचे, ते अवघड झाले की फ्रंटल आणि त्यामागच्या पराइटल लोबमधील ठरावीक जागा एकत्रच कामाला लागतात.