अहो, ऐकलं का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभी हयात लेथसमोर घालवलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला, की थोड्याच दिवसांत बायकोची तक्रार सुरू होते : "कवाधरनं हाका मारतोय, ह्यांचं लक्षच न्हाई." त्याचं म्हणणं, "ही तोंडातल्या तोंडात बोलतीया." बऱ्याच घरांत दोघंही खरं बोलत असतात.

आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते आणि तिच्यात साधारण 15,000 केशपेशी. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात आणि वयानुसार आधी त्याच झिजतात. इचलकरंजीचे माग, शिरोलीची फाउंड्री अशा गोंगाटात नोकरी झाली असेल, तर 4000 हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे उंच पट्टीतलं, ऐकणं त्याआधीच उणावलेलं असतं. मेलेली केशपेशी परत येत नाही.

आता गंमत बघा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणदणीत. क, ट, स, श ही व्यंजनं मात्र उंच पट्टीतली नि क्षीण. म्हणून 'ताट घ्या' म्हटलं तर 'ताक घ्या' ऐकू येतं. मिक्सर चालू असेल तर तेही नाही. पण रस्त्यावरच्या केएमटी बसचा हॉर्न मात्र स्पष्ट कळतो! मग बायकोला वाटणारच, की माझंच तेवढं ऐकू येत नाही.

हे हसण्यावारी नेऊ नये. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं. सहा वर्षांनीही ज्यांचा संसार टिकून होता, त्यांनी एकमेकांच्या बारीकसारीक हाकांना 86 टक्के वेळा ओ दिली होती. मोडलेल्यांनी 33 टक्के. ती जोडपी तरुण होती, हे खरं. पण दिवसभर एकाच छताखाली असलेल्या साठीतल्या दोघांत अशा हाका जास्तच असणार, आणि न ऐकलेली हाक समोरच्याला दुर्लक्षासारखीच लागते.

ओरडून फारसं साधत नाही. स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथंच राहतात. नळ बंद करून, समोर येऊन बोलावं. रंकाळ्यावर शेजारी चालताना ओठ दिसत नाहीत, महत्त्वाचं बोलणं बाकावर बसून करावं. आणि कान तपासून घ्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या चौघांत एकाहून अधिकांना त्रासदायक बहिरेपण असतं.

ऐकण्याचं यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाट नकोसा होतो, कारण मेंदूची त्या आवाजांची सवय मोडलेली असते. इथेच पुष्कळांचं यंत्र कपाटात जातं. आधी शांत घरात रोज थोडे तास लावावं, महाद्वार रोडची गर्दी नंतर.