ग्राइंडर घेतलात, कानांचं काय?

हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडर घ्यायला आलेला माणूस डिस्क मागतो, हातमोजे मागतो, दुकानदाराने आठवण केली तर चष्माही घेतो. कानांसाठी काही मागणारा विरळाच. फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठेही जा. इअरमफ, म्हणजे पूर्ण कान झाकणाऱ्या, कडेला मऊ उशा असलेल्या वाट्या, असलेच तर वरच्या फळीवर धूळ खात पडलेले. गिऱ्हाइकाला तरी काय दोष द्यायचा? डोळ्यात कण गेला की माणूस लगेच कळवळतो, कान मात्र बिघडताना दुखत नाही. आवाजाने कान दुखायला साधारण १२० डेसिबलच्या पुढे जावं लागतं आणि नुकसान तर ८५ च्या आसपासच सुरू होतं. मधल्या पट्ट्यात आपली जवळजवळ सगळी यंत्रं येतात: ड्रिल, रंधा मशीन, लाकडात खाचा पाडणारा राऊटर, गोल करवत, चिरा नाहीतर लादी कापणारा कटर.

डेसिबलचा हिशेब फसवा असतो. आकडा तीनने वाढला की कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणून अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस अशी आहे: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. ग्राइंडर किंवा गोल करवत काम करताना चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबल सहज गाठते. म्हणजे सकाळच्या चहाआधी थोड्या फळ्या चिरल्या की दिवसभराचा वाटा संपला. आपल्याकडच्या कारखाना नियमांत मर्यादा ९० डेसिबल, आठ तास अशी सैल धरलेली आहे. वेर्णा-कुंडईच्या मोठ्या कारखान्यात निदान कोणीतरी मीटर घेऊन फिरेल. पडवीत मशीन लावून बसलेल्या मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, कोण येणार?

आत काय घडतं ते बघू. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यात पंधरा हजारांच्या आसपास केसपेशी रांगेने उभ्या असतात. आवाजाच्या लाटेने त्यांचे सूक्ष्म तुरे हलतात आणि त्याचा विद्युत संदेश मेंदूकडे जातो. फार जोराचा किंवा फार वेळ चाललेला आवाज हे तुरे मोडतो, पेशी थकवतो आणि शेवटी मारतो. कोंबडीच्या कानात अशा पेशी पुन्हा उगवतात, हे १९८८ मध्ये सिद्ध झालं. माणसाच्या कानात त्या उगवत नाहीत.

पहिला घाव साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांवर बसतो. कानाची नळीच ३००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज वाढवून आत पाठवते, आणि नुकसान त्याच्या जरा वरच्या पट्टीत दिसतं. भाषेतली क, त, स, श ही व्यंजनं अशाच उंच पट्टीच्या आधाराने ओळखू येतात. त्यामुळे असा माणूस ‘मला ऐकू येतं’ म्हणतो आणि ते खरंही असतं. घरातून मारलेली हाक पोचते, पण बाजारातून काय आणायला सांगितलं ते कळत नाही. भजनातले टाळ बोथट वाटायला लागतात.

‘संध्याकाळी दडे बसतात, सकाळी मोकळे होतात, मग काय बिघडलं?’ असं पुष्कळ जण म्हणतात. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या दोन संशोधकांनी उंदरांवर केलेला प्रयोग या समजुतीला धक्का देणारा आहे. आवाजानंतर उंदरांची श्रवणपातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशी आणि मज्जातंतू यांमधले बरेचसे सांधे कायमचे तुटले होते.

आता खरेदीकडे वळू. कानाच्या साधनाच्या अमेरिकी पाकिटावर ‘एनआरआर’ आणि युरोपी पाकिटावर ‘एसएनआर’ असा, ते किती डेसिबल अडवतं हे सांगणारा आकडा असतो. दोन्हींच्या मोजण्याच्या रीती वेगळ्या, म्हणून एकाची दुसऱ्याशी थेट तुलना करू नये. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेत, नीट बसवलेल्या साधनावर काढलेले असतात. प्रत्यक्षात काय हाती लागेल याचा एक प्रचलित अंदाज म्हणजे एनआरआरमधून सात वजा करायचे आणि उरलेल्याचे अर्धे धरायचे. ३३ लिहिलेल्या, कानात घालायच्या फोमच्या बोळ्याचे अशाने १३ उरतात.

पण माझ्या मते पाकिटावरच्या आकड्यापेक्षा साधन किती वेळ कानावर राहतं हे जास्त महत्त्वाचं. समजा, तुम्ही आठ तास १०० डेसिबलच्या गोंगाटात आहात आणि तुमचं साधन खरोखर २५ डेसिबल अडवतं. पूर्ण वेळ घातलंत तर कानाला ७५ पोचतात. घाम आला, फोन आला, कोणी काही विचारलं, म्हणून सगळा मिळून अर्धा तास काढलंत तर? त्या अर्ध्या तासाची ऊर्जा एवढी असते की दिवसाची सरासरी ८८ वर जाते. पंचवीसचं साधन बाराचं झालं! त्यापेक्षा फक्त १५ अडवणारं, पण मशीन चालू असेपर्यंत न काढलेलं साधन बरं. त्याची सरासरी ८५ येते. फार अडवणारं साधन म्हणूनच कधी कधी वाईट ठरतं. माणसाला एकटं पडल्यासारखं होतं, करवतीचं पातं अडकताना बदलणारा आवाज कळत नाही, आणि तो ते काढून टाकतो. कानाशी ७५ ते ८० डेसिबल उरतील एवढं अडवलं की पुरे.

सुतारकामात मशीन सारखं चालू-बंद होतं, हात भुशाने आणि फेव्हिकॉलने भरलेले असतात. तिथे इअरमफ सोयीचा. गळ्यात ठेवायचा, बटण दाबण्याआधी वर चढवायचा. चष्म्याची दांडी मात्र बारीक हवी. जाड दांडी उशीखालून फट पाडते आणि त्या फटीतून आवाज शिरतो. सहा महिन्यांनी उशा दाबून बघा, कडक झाल्या असतील तर बदला. एप्रिल-मेच्या घामात किंवा पावसाळ्यात तासन्‌तास ग्राइंडिंग असेल तर मफ असह्य होतो. तिथे फोमचे बोळे बरे, पण ते एकदा वापरून टाकायचे. आपल्या दमट हवेत कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही. मळका बोळा पुन्हा खुपसणं म्हणजे तिला आमंत्रण. सिलिकॉनचे साबणाने धुऊन वापरता येतात. कान आधीच वाहत किंवा खाजत असेल तर बोळा नकोच, मफ वापरा.

फोम घालायचीही रीत आहे. स्वच्छ हातांनी तो विडीसारखा बारीक, चुणी न पडता वळायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत, अर्धा मिनिट तरी, बोटाने धरून ठेवायचा. नंतर मशीन चालू असताना दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून बघा. आवाज आणखी बराच कमी झाला तर बोळा नीट बसलेला नाही. फार मोठ्या आवाजात बोळा आणि मफ दोन्ही घालता येतात, पण आकड्यांची बेरीज करू नका; दुसऱ्याने साधारण पाच डेसिबलच वाढतात. कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी. गाण्याच्या इअरबडमधलं ‘नॉइज कॅन्सलिंग’ मुख्यतः विमानाच्या घरघरीसारखे खालच्या पट्टीचे आवाज मारतं, ग्राइंडरची किंचाळी नव्हे.

वर्षातून एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीचं किती ऐकू येतं याची तपासणी, करून घ्यावी, आणि ती कामावरून परतताना नको. आदल्या दिवशीच्या आवाजाने कान तात्पुरते मंद झालेले असले तर निकाल चुकतो. सुट्टीनंतरच्या सकाळी, मशीनला हात लावण्याआधी जा. आलेखात ४००० च्या आसपास खळगा दिसला तर कोणतं मशीन, रोज किती वेळ चालवता, हे डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी.