सोलापूर, बँड मास्तर आणि सिम्फनीचा कागद

सोलापुरात घोळक्यानं वाजवणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या सात काठ्या निघतात तेव्हा बँड असतो, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथापुढे वाद्यं असतात, गणपतीत लेझमाचे ताफे रस्ता अडवून धरतात. क्लॅरोनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम ही वाद्यं या गावाच्या अंगवळणी पडून तीन-चार पिढ्या झाल्या. मग डॉक्टर, शिक्षक, बँकेतले कर्मचारी आणि कॉलेजातली पोरं आठवड्यातून एकदा जमून मोझार्ट-बीथोवन वाजवतात असला हौशी सिम्फनी ऑर्केस्ट्रा आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावांत का रुजला नाही? ‘ते संगीत आपलं नाही’ हे उत्तर तयारच असतं. मला ते पटत नाही. ट्रम्पेट तरी कुठं आपलं होतं? माझ्या मते खरी अडचण कागदाची आहे. वाजवायचं ते लिहिलेलं असणं, ते वाचता येणं, आणि त्या कागदाचा कारभार बघणारा माणूस असणं.

असल्या मंडळींची सुरुवातही काही राजवाड्यातच झाली असं नाही. जर्मनीतल्या लायपझिगमध्ये १७४३ साली गावातल्या १६ प्रतिष्ठितांनी, त्यात व्यापारीच पुष्कळ, १६ वादकांचा खर्च उचलला आणि मैफली सुरू केल्या. आधी घरात, मग एका खाणावळीत, आणि १७८१ पासून कापडवाल्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बांधलेल्या सभागृहात. खाली कापडाचा धंदा, वर सिम्फनी. चादरीच्या गावात राहणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. सोलापुरात १८६० साली रेल्वे आली, १८७७ च्या सुमारास जुनी गिरणी सुरू झाली, मागोमाग आणखी गिरण्या उभ्या राहिल्या, तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी माणसं एका भोंग्यावर कामाला जाऊ लागली. पैसा होता, माणसं होती, एका ठेक्यावर चालायची सवयही होती. गिरणगावाच्या त्या पैशातून आणि गर्दीतून नाटक, मेळे, कलापथकं, कुस्तीचे फड बहरले. जिल्ह्यातल्याच बार्शीत जन्मलेले आणि गिरणीत काम केलेले शाहीर अमर शेख याच वातावरणातले.

ऑर्केस्ट्राचं पुढारीपण कुणाकडे असतं, हे प्रकरणही वाटतं तितकं जुनं नाही. काठी घेऊन उभा राहणारा कंडक्टर बराच उशिरा आला. त्याआधी कुणी तरी वाजवता वाजवताच चालवायचं: हार्प्सिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या पेटीसारख्या तारवाद्यावर, बसलेला संगीतकार किंवा पहिला व्हायोलिनवाला. फ्रान्सच्या दरबारात लुली नावाचा संगीतकार जाड दांडा जमिनीवर आपटून ताल द्यायचा. एकदा तो दांडा त्याच्याच पायावर बसला, जखम चिघळली आणि त्यातच १६८७ साली तो गेला. छोट्या काठीचा वापर लंडनमध्ये १८२० साली आपण केला असं व्हायोलिनवादक स्पोरनं आठवणींत लिहून ठेवलंय. जाणकार त्यावर अजून वाद घालतात. १८३५ मध्ये संगीतकार मेंडेलसन लायपझिगला आला आणि कंडक्टर म्हणजे नुसता ताल देणारा नव्हे, तर तालमी घेणारा, कार्यक्रम ठरवणारा माणूस, हे रूप पक्कं होत गेलं. पुढच्याच वर्षी त्यानं व्हायोलिनवादक फर्डिनंड डेव्हिडला पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर आणून बसवलं.

या पहिल्या खुर्चीला कॉन्सर्टमास्टर म्हणतात, आणि हौशी मंडळीत खरा गाडा तोच ओढतो. प्रेक्षकांना दिसतं ते इतकंच की तो उठतो, ओबोवाला (ओबो म्हणजे सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) एक लांब सूर देतो आणि सगळे त्याला मिळवून घेतात. तो सूर साधारणपणे ४४० कंपनांचा, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा. पण त्याचं मोठं काम तालमीच्या आधी, घरी बसून होतं. पेन्सिल घेऊन तो प्रत्येक ओळीवर खुणा करतो: इथं गज खाली ओढायचा, इथं वर ढकलायचा, या चार सुरांना एकच गज. मग त्या खुणा सगळ्या प्रतींवर उतरतात. एका स्टँडमागे दोघं बसतात. आतल्या बाजूचा पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. दहा गज एकाच वेळी एकाच दिशेला जाताना दिसतात ते या पेन्सिलीमुळे. कंडक्टरसमोर सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक असलेला जाड ग्रंथ असतो, वादकासमोर मात्र फक्त स्वतःची ओळ. ट्रम्पेटवाल्याला कधी चाळीस-पन्नास बार, म्हणजे तालाची आवर्तनं, नुसते मोजत बसावं लागतं आणि मग नेमक्या मात्रेवर दोनच सूर वाजवायचे असतात. वाचता येत नसेल तर तिथं कुणीच वाचवू शकत नाही.

आपल्या देशात हे वाचन शिकवलं ते मुख्यतः गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी आणि लष्करी व संस्थानी बँडनी. मुंबईत १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. ते स्वतः कॉन्सर्टमास्टर. प्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. पारशी, गोवेकर, युरोपीय असे नाना तऱ्हेचे लोक त्यात होते, अनेक जण पोटासाठी दुसरंच काही करणारे. १९४५ मध्ये मेहली पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. गोवेकर वादकांना सिनेमानं पोसलं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे व्हायोलिनचे गुरू. १९५८ साली त्यांनी भारतीय वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमवून रागांवर बेतलेल्या रचना वाजवल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण तो फार काळ टिकला नाही. पुढे २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, तेव्हा बहुतेक वादक बाहेरदेशातून आणावे लागले. मुंबईची ही तऱ्हा, तर सोलापुराला काय बोल लावायचा?

कागदाशिवायही मोठा ताफा चालतो, हे मध्य प्रदेशातल्या मैहरनं दाखवलं. सरोदवादक अल्लाउद्दीन खाँ तरुणपणी कलकत्त्यात लोबो नावाच्या गोवेकराकडे व्हायोलिन शिकले होते. १९१८ च्या सुमारास त्यांनी मैहरमध्ये अनाथ मुलं गोळा केली, बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग बनवला आणि सगळ्यांना तोंडी शिकवून बँड उभा केला. रचना पाठ, कागद नाही. शिकवणारा रोज सोबत असेल तर हे जमतं. आठवड्यातून दोन तास भेटणाऱ्या हौशी मंडळींना ते परवडत नाही, आणि ही गोष्ट मैहरची थोरवी सांगताना सहसा कुणी बोलत नाही.

सोलापूरच्या बँडचा मास्तर मैहरच्याच जातीचा. तो स्वतः क्लॅरोनेट किंवा ट्रम्पेट वाजवतो आणि वाजवतच चालवतो. गाण्याची पहिली ओळ एकटा घेतो, दुसऱ्या ओळीला ताफा उचलतो. क्लॅरोनेट खाली आणून मान हलवली की कडवं संपलं. ‘मास्तर, पुढचं कुठलं?’ एवढं विचारलं की तो मुखड्याचे चार सूर फुंकून दाखवतो. ही वाद्यं ज्या पट्टीत घडवलेली असतात ती आपली काळी पाच, त्यामुळे तिथला सा सगळ्यांना सोपा. सिम्फनीत एकाच तुकड्यात पट्टी चार वेळा बदलते, बँडवाल्याची बोटं तिथं अडखळतात. कौशल्य कमी म्हणून नव्हे, सवय वेगळी म्हणून. एकाच इशाऱ्यावर शंभर माणसं वळवायचं कसब बघायचं तर गणपतीतला लेझमाचा म्होरक्या बघावा. तोंडात शिट्टी, शेजारी हलगी, आणि शिट्टी पडली की पुढच्या ठोक्याला अख्खी रांग खाली बसते. कंडक्टर ठोक्याआधी हात उचलून इशारा देतो, त्याला अप-बीट देणं म्हणतात; ते याहून निराळं काही नाही.

ओबोचं मात्र सगळीकडेच अवघड आहे. दुहेरी पत्तीचं, महाग, शिकवणारा मिळायची मारामार. गंमत म्हणजे सोलापूरकडे दुहेरी पत्तीचं स्वतःचं वाद्य आहे: सुंद्री. सनईची धाकटी बहीण, जेमतेम फूटभर. तिचं नाव अक्कलकोटच्या दरबाराशी जोडलं जातं आणि सोलापूरच्या जाधव घराण्यानं ती मैफलीत आणली. सुंद्रीवाला उद्या उठून ओबो वाजवेल असं नाही. फुंक आणि ओठांची ठेवण जवळची असली तरी चाव्यांचं प्रकरण वेगळं. पण पत्ती तासणं, ओली करणं, हवामानावर तिचे नखरे सांभाळणं हे ज्याच्या घरात आहे त्याला निम्मी वाट चालून झालेली असते.

मग आज असं मंडळ काढायचंच म्हटलं तर? कागदाचा खर्च उरलेला नाही. २००६ पासून हक्क संपलेल्या रचनांच्या प्रती इंटरनेटवर फुकट मिळतात, बीथोवनची पहिली सिम्फनी घरच्या प्रिंटरवर निघते. तिला लागतात बासरी, ओबो, क्लॅरोनेट, ‘बसून’ नावाचं खालच्या सुरांचं लाकडी फुंकवाद्य, हॉर्न, ट्रम्पेट प्रत्येकी दोन, नगाऱ्यांची जोडी आणि तारवाद्यं. क्लॅरोनेट आणि ट्रम्पेट गावातच आहेत. हॉर्नची ओळ युफोनियमवर भागवता येईल, शुद्धतावाद्यांनी कानावर हात ठेवावेत. व्हायोलिनवाले आहेत, पण ते मांडी घालून, षड्ज-पंचमात तारा लावून वाजवणारे. त्यांना खुर्चीवर बसवून तारा बदलून द्यायला निदान एक वर्ष जाईल. ‘बसून’ची ओळ चेलोला (व्हायोलिनच्या मोठ्या, खालच्या सुराच्या भावंडाला) द्यावी, आणि चेलोच नसेल तर कीबोर्डला. वाचन शिकवणारा एक आणि खुणा करणारा एक, अशी दोन माणसं आधी हवीत. कंडक्टर सगळ्यात शेवटी शोधला तरी चालेल.

तालमींचं वेळापत्रक हा आणखी एक पेच. लायपझिगचा हंगाम सप्टेंबरअखेर सुरू होऊन ईस्टरला संपायचा. इथं तुळशीचं लग्न लागलं की बँडवाले सुपाऱ्यांत अडकतात, मध्ये सिद्धेश्वरांची यात्रा, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, मग जूनपर्यंत वराती. ते मोकळे असतात ते आषाढ-श्रावणात, म्हणजे सोलापूरच्या सिम्फनीचा हंगाम चातुर्मासातच बसवावा लागेल, गणपतीचे दहा दिवस वगळून.