कृष्णेत सांडपाणी मिसळताना दिसलं, तर अर्ज कुणाकडे आणि कसा करायचा

उन्हाळ्याच्या तोंडावर कृष्णेचं पाणी उतरतं आणि सांगलीच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. अशा वेळी सांगली शहराचं सांडपाणी आणणारा शेरी नाला नदीत उतरतो तिथे जाऊन पाहा. नाल्याचं पाणी काळपट, वर पांढरा फेस, नदीचं हिरवट. दोन्ही पाणी थोडं अंतर शेजारी शेजारी वाहतात, मग एक होतात. एकदा ती मिसळली की घाण कुणाची होती हे डोळ्यांनी कळत नाही. जुलै २०२२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हाही पहिला वाद हाच होता. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी मिसळण्याची जागा शोधा. पाइप कुठला, नाला कुठून येतो, एवढं चालत जाऊन बघा.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं, ‘नदी प्रदूषित होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ तो एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात ‘आपल्या स्तरावर उचित कार्यवाहीस्तव’ फिरत राहिला आणि उन्हाळा संपला. जागा आणि जबाबदारी नेमकी लिहिली असती, तर तो असा पुढे ढकलता आला नसता.

जबाबदारी कशी ठरते? गावाचा किंवा शहराचा मैला आणि सांडपाणी असेल, तर ती स्थानिक स्वराज्य संस्थेची. सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही शहरांची महानगरपालिका एकच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. सांडपाणी गोळा करणं, त्यावर प्रक्रिया करणं आणि त्याची विल्हेवाट लावणं हे त्यात येतं. ‘बंधनकारक’ हा शब्द अर्जात जरूर वापरा. निधी नाही हे उत्तर त्यापुढे तोकडं पडतं. आष्टा किंवा तासगावसारख्या ठिकाणी अर्ज नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे जाईल, गावात ग्रामपंचायतीकडे. कारखान्याचं पाणी असेल, तर थेट महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय सांगलीतच आहे, त्याच्या वर कोल्हापूरचं प्रादेशिक कार्यालय.

महापालिकेविरुद्धची तक्रारही मंडळाकडे करता येते, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ नुसार सांडपाणी नदीत सोडणाऱ्या प्रत्येकाला मंडळाचं संमतीपत्र लागतं, महापालिकेलाही. शेरी नाल्याचं पाणी उपसून धुळगावकडे शेतीसाठी नेण्याची योजना आहे. उपसा थांबला की नाल्याला नदीखेरीज वाट नाही. अशा दिवशी एकच अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे करा आणि त्याची प्रत मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना द्या. दोन्हीकडे वेगवेगळा मजकूर देऊ नका.

अर्ज कोण करू शकतं, हा प्रश्न घाटावर नेहमी निघतो. कुणीही. नदीकाठी जमीन हवी, मतदार यादीत नाव हवं, असं काही नाही. नाव, पूर्ण पत्ता आणि फोन नंबर मात्र लिहा, कारण निनावी अर्जाची चौकशी सहसा पुढे सरकत नाही. सोबत तारीख, वेळ आणि ठिकाण उमटलेले फोटो जोडा: एक पाइपाच्या तोंडाचा, एक लांबून काढलेला, ज्यात पूल किंवा देऊळ अशी ओळखीची खूण दिसेल. हाताने काढलेला साधा नकाशा चालतो. मासेमार, धुण्याला येणाऱ्या बायका, मोटर चालवणारे शेतकरी यांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम. शेवटच्या ओळीत मागणी एकच असावी: ‘अमुक ठिकाणी पाहणी करून पंचनामा करावा, पाण्याचा नमुना घ्यावा आणि अहवालाची प्रत मला द्यावी.’

नमुन्याबद्दल थोडं सविस्तर. लोक बाटली भरून आणतात आणि कार्यालयातल्या टेबलावर ठेवतात. त्यामागची तळमळ खरी आहे, पण त्या बाटलीला कोर्टात पुराव्याचं मोल नसतं. १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना घेण्याची रीत ठरवून दिली आहे: अधिकाऱ्याने संबंधिताला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, ते बाटल्यांत भरून सील करायचे आणि मग प्रयोगशाळेत पाठवायचे. शिवाय काळं पाणी काही तासांत वाहून जातं. त्यामुळे आधी मंडळाच्या कार्यालयात फोन करा, लगेच ईमेल करा, अर्ज नंतर नेऊन द्या. अहवाल हाती आला की दोन आकडे बघा. आंघोळीच्या योग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं माप) ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये.

अर्ज देताना दोन प्रती न्या. आवक-जावकच्या टेबलावर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. शिक्का पुसट उमटला, तर पुन्हा मारून मागा. पोस्टाने पाठवलात, तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती त्याच फाइलला लावा.

महिनाभरात उत्तर आलं नाही, तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून जनमाहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा; दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांपर्यंत, म्हणून पाल्हाळ नको. सांडपाणी प्रकल्पाच्या संमतीपत्राची प्रत मागा, गेल्या वर्षभराचे तपासणी अहवाल मागा, मंडळाने दिलेल्या नोटिसा मागा. या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो फार थोडे लोक वापरतात. उत्तराची मुदत ३० दिवस. त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

तरीही काही हललं नाही, तर पर्यावरणाचे दावे ऐकणारं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. नुकसानभरपाई मागायची नसेल तर फी १००० रुपये; मागायची असेल तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, पण किमान १०००. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात स्थानिक संस्थांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभारायला तीन वर्षांची मुदत दिली होती, तिचा उल्लेख अर्जात करा. मुदतीबाबत इथे फार जपावं लागतं: प्रदूषण थांबवण्याच्या मागणीसाठी वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षं, सबळ कारण असेल तर दोन्हीला आणखी ६० दिवस. ज्या मासेमारांची जाळी रिकामी गेली, त्यांनी त्या दिवसांची विक्री, मच्छीमार सोसायटीचं ओळखपत्र आणि पंचनाम्याची प्रत आत्ताच एकत्र बांधून ठेवावी.