बाह्य ड्राइव्ह : लॅपटॉपच्या बॅकअपसाठी निवड

लॅपटॉपमधील माहितीची दुसरी प्रत ठेवण्यासाठी यूएसबी केबलने जोडायचे आणि काम झाल्यावर काढून ठेवायचे साठवण साधन. सांगली-मिरज परिसरात करसल्लागार, मार्केट यार्डातील हळद-बेदाण्याचे अडते, छायाचित्रकार आणि विद्यार्थी यांच्याकडे ते सर्रास आढळते.

बाह्य ड्राइव्हचे मुख्य प्रकार दोन आहेत. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि वाचणारे शीर्ष तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. त्यामुळे चालू असताना ती टेबलावरून पडली, तर शीर्ष तबकडीवर घासून माहिती जाण्याचा मोठा धोका असतो. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारा भाग नसल्याने ती धक्के सोसते आणि कितीतरी वेगवान असते, मात्र तेवढ्याच क्षमतेला ती महाग पडते. शिवाय वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहिल्यास तिच्यात माहिती धरून ठेवणारा विद्युतभार हळूहळू क्षीण होऊ शकतो. साहजिकच रोज पिशवीतून नेण्यासाठी एसएसडी, तर कपाटात ठेवायच्या मोठ्या संग्रहासाठी हार्ड डिस्क ही वाटणी व्यवहार्य ठरते. हार्ड डिस्कमध्येही २.५ इंची डिस्क यूएसबीवरच चालते, तर ३.५ इंची डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर लागतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला तरी वीज जाताच ही मोठी डिस्क लिहिता लिहिता बंद पडते, म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसलेल्या घरात ती न घेतलेली बरी.

क्षमता लॅपटॉपमधील साठवणीच्या किमान दुप्पट असावी, कारण बॅकअपचे सॉफ्टवेअर फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही राखून ठेवते. खोक्यावर १ टीबी लिहिलेला ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी दिसतो. ही फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतींतील फरक आहे. खरी फसवणूक अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या ‘१६ टीबी’च्या चिमुकल्या ड्राइव्हमध्ये असते : आत थोडीच मेमरी असून ती भरल्यावर नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात, आणि हे लक्षात येते ते फाइल उघडायची वेळ आल्यावर. ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या पद्धतीला फॉरमॅट म्हणतात; त्यांपैकी फॅट३२मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो, पण केबल मध्येच निघाल्यास विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटच्या मानाने लवकर बिघडतो. वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळतो. त्यातील माहिती परत मिळण्याची हमी सहसा नसते.

ड्राइव्ह कायम जोडून ठेवणे ही सर्वांत रूढ चूक होय. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर, लॅपटॉपबरोबर जोडलेल्या ड्राइव्हवरील फाइलीही कुलूपबंद करते, त्यामुळे बॅकअप होताच तो ‘इजेक्ट’ करून काढावा लागतो. अशिलांचे पॅन आणि आधार तपशील असतील, तर ड्राइव्हला विंडोजमधील बिटलॉकरसारखे एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय माहिती वाचता न येणारे सांकेतिक कुलूप, लावणे आवश्यक ठरते. पासवर्ड विसरल्यास ते उघडणारी रिकव्हरी की मात्र त्याच लॅपटॉपमध्ये ठेवून भागत नाही.

तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत दुसऱ्या जागी, हा ३-२-१ नियम सर्वत्र सांगितला जातो. सांगलीत त्यातील शेवटच्या भागाला कृष्णेच्या पुराने विशेष अर्थ दिला आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये शहराच्या सखल भागांत ते पुन्हा शिरले. अशा वेळी लॅपटॉप आणि त्याचा ड्राइव्ह तळमजल्यावरील एकाच कपाटात असतील, तर दोन्ही प्रती एकदमच जातात. वरचा मजलाही पुरेसा नाही, कारण वेढा पडल्यावर तिथपर्यंत पोहोचता येत नाही. त्यामुळे नदीकाठच्या पेठेत कार्यालय असलेल्याने दुसरा ड्राइव्ह उंचावरील भागात किंवा परगावच्या नातेवाइकांकडे ठेवणे, आणि ३१ मार्चचे हिशेब बंद झाल्यावर तसेच पावसाळ्यापूर्वी त्यावरील प्रत ताजी करणे इष्ट ठरते. ही प्रत ताजी करताना काही जुन्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यास ड्राइव्हमधील बिघाड वेळीच कळतो.