ओढ्याचं नाव लावणारा वृत्तपत्रसम्राट

श्रीमंत माणूस आणि त्याचं गाव हा विषय आम्हा अमळनेरकरांच्या जिव्हाळ्याचा. इथले उद्योगपती प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तर १९४५ मध्ये विप्रोची सुरुवातही इथूनच झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. म्हणून ब्रिटनमधला वृत्तपत्रसम्राट लॉर्ड बीव्हरब्रुक याची गोष्ट मला परकी वाटत नाही.

मूळ नाव मॅक्स एटकन. जन्म १८७९ चा, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात. वडील स्कॉटलंडहून आलेले धर्मोपदेशक. मुलगा तान्हा असतानाच घर न्यू ब्रन्सविकमधल्या न्यूकॅसलला हललं. मिरामिची नदीकाठचं हे गावच त्याने आपलं मानलं. शाळेत असताना, तेराव्या वर्षी, त्याने स्वतःचं छोटं वर्तमानपत्र काढलं होतं. पुढे रोखे विकून, कंपन्या एकमेकींत विलीन करून त्याने पैसा केला आणि १९१० मध्ये इंग्लंड गाठलं. त्याच वर्षी तो खासदारही झाला.

१९१६ मध्ये 'डेली एक्स्प्रेस' त्याच्या ताब्यात आलं. पुढे त्याचा खप ४० लाखांवर गेला. आपण हे पत्र प्रचारासाठीच चालवतो, असं त्याने चौकशी आयोगापुढे सरळ सांगितलं. एवढी सत्ता एका मालकाच्या हाती असणं मला घातकच वाटतं. दुसऱ्या महायुद्धात मात्र चर्चिलने विमान उत्पादनाचं खातं विश्वासाने त्याच्याकडेच दिलं.

मला भिडतं ते त्याचं नाव. १९१७ मध्ये उमरावपद मिळालं तेव्हा त्याने लहानपणच्या परिसरातल्या एका ओढ्याचं नाव घेतलं: बीव्हरब्रुक. आपल्यातल्या कुणी अमळनेरच्या बोरी नदीचं नाव लावून लंडनच्या उमरावसभेत 'बोरी' म्हणून बसावं, तसं हे!

लहानपणचं घर त्याने विकत घेऊन वाचनालयासाठी गावाला दिलं. प्रांताची राजधानी फ्रेडरिक्टन इथे १९५९ मध्ये कलादालन उघडलं. पण तिथली चित्रं कायमची दिलेली की नुसती ठेवायला दिलेली, हे नीट लिहून ठेवलेलं नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी त्यावरून मोठा वाद झाला. २००७ मध्ये लवादाने १३३ पैकी ८५ कलाकृती कलादालनाच्या ठरवल्या. गावासाठी काही द्यायचं तर कागद पक्का करूनच द्यावा, असं मला यावरून फार वाटतं.

१९६४ मध्ये तो इंग्लंडात वारला. रक्षा मात्र न्यूकॅसलला आणली गेली आणि तिथल्या चौकात, त्याच्याच अर्धपुतळ्याच्या चौथऱ्यात ठेवली गेली.