पगार अडकला असेल तर अर्ज लिहायला येण्याआधी हे वाचा

(आमच्या अर्जलेखन, टायपिंग व झेरॉक्स केंद्राच्या ग्राहकांसाठी)

एप्रिल सरत आला, गोव्याच्या किनाऱ्यावरची गर्दी ओसरली की आमच्या काउंटरवर रोज एकच वाक्य ऐकू येतं: "दोन महिन्यांचा पगार दिला नाही, एक कडक नोटीस टाइप करून द्या." नोटीस कडक करणं सोपं आहे. घोडं अडतं ते पुढच्या प्रश्नावर. नोटीस कुणाच्या नावाने काढायची? यावर दहातले आठजण हॉटेलच्या पाटीवरचं नाव सांगतात आणि तिथेच महिनाभराची माती होते.

पाटीवरचं नाव म्हणजे मालक नव्हे

पाटीवर असतं ते धंद्याचं नाव. परवाना, बँक खातं आणि पगाराची जबाबदारी बहुधा दुसऱ्याच नावावर असते. किनाऱ्यावरच्या शॅकचा (झोपडीवजा हॉटेलचा) परवाना एकाच्या नावे निघालेला असतो आणि गल्ल्यावर बसतो भलताच. वेर्णा, कुंडई, थिवीच्या औद्योगिक वसाहतींत गणवेशावर कंपनीचं नाव असतं, पण पगार देतो ठेकेदार. नुसत्या पाटीच्या नावाने पाठवलेलं पाकीट 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत येतं. समजा पोचलं, तरी सुनावणीच्या दिवशी समोरचा उभा राहून सांगतो की या नावाची संस्थाच नाही, किंवा हा माणूस आमचा नव्हेच. मग अर्ज दुरुस्त करा, नवी नोटीस काढा, पुढची तारीख घ्या. तोवर तुम्ही गावी गेलेले असता आणि प्रत्येक तारखेला पणजी गाठायची म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते.

खरं नाव शोधायला वकील लागत नाही, तुम्ही जिथे काम करत होता तिथलं एक छापील बिल पुरतं. बिलावर बारीक अक्षरांत पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असतो. गोव्यातली नोंदणी असेल तर तो ३० ने सुरू होतो. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. संपूर्ण क्रमांकातलं डावीकडून सहावं अक्षर नीट बघा: पी असेल तर एकट्या माणसाचा धंदा, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव अशी दोन नावं समोर येतात. अर्जात आधी कायदेशीर नाव लिहायचं आणि पाटीवरचं नाव त्यामागे. खाण्याच्या जागेच्या बिलावर चौदा अंकी अन्न परवाना क्रमांकही असतो. तोच परवाना काउंटरजवळ फ्रेम करून टांगलेला असतो आणि त्यावर परवानाधारकाचं नाव-पत्ता असतो. मोबाइलवर त्याचा फोटो असला तरी आमचं काम भागतं.

बिल नसेल तर पीएफचं पासबुक उघडा. भरणा कोणत्या आस्थापनेने केला ते तिथे दिसतं. पगार खात्यात येत असे तर पासबुकातल्या जमेच्या नोंदीत पाठवणाऱ्याचं नाव असतं. यातलं काहीच नसेल तर जागेचा पत्ता गाव-वाड्यासकट आणि मॅनेजरचा नंबर घेऊन या, पुढचं आम्ही बघतो.

मध्ये ठेकेदार असेल तर दोन्ही नावं घाला, ठेकेदाराचं आणि ज्याच्या जागेत काम केलं त्याचंही. वेतन संहितेच्या (पगाराबद्दलच्या केंद्रीय कायद्याच्या) कलम ४३ प्रमाणे पगार द्यायला नेमणाऱ्याने कसूर केली तर ती जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते. ठेकेदार रातोरात फोन बंद करून जातो, कारखान्याचं गेट मात्र जागच्या जागी असतं.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. रोजंदारीवाल्याला पाळी संपताच. काम सुटलं, काढून टाकलं, तुम्हीच राजीनामा दिलात किंवा धंदा बंद पडला, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा. "सीझन संपला की एकदमच देतो" ही पद्धत कितीही रुळलेली असो, कायद्यात बसत नाही.

कपातीचंही तसंच. फुटलेल्या ग्लासांचे पैसे किचनमधल्या सगळ्यांच्या पगारातून सारखे वाटून कापता येत नाहीत. नुकसान त्याच माणसाच्या निष्काळजीपणामुळे झालं असलं पाहिजे, त्याला बाजू मांडायची संधी द्यायला हवी आणि कपात नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत.

"न सांगता गेलास, आता पगार विसर" असं बऱ्याच जणांना ऐकवलं जातं. नियुक्तीपत्रात नोटीस-पगाराची (आधी न कळवता सोडल्यास तेवढ्या दिवसांचा पगार भरून देण्याची) अट असेल तर वाद होईल तो तेवढ्या रकमेपुरता. राबलेल्या दिवसांवर पाणी सोडायचं काहीच कारण नाही.

दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या कायद्यात ती एकच वर्षाची होती, म्हणून थकबाकी नोव्हेंबर २०२५ च्या आधीची असेल तर तीन वर्षांच्या भरवशावर बसू नका.

हिशेब एका कागदावर

"अंदाजे पन्नास हजार" असं अर्जात चालत नाही. पगार १८,००० रुपये, मार्च-एप्रिल पूर्ण भरलेले आणि मे महिन्यात हजेरी १२ दिवसांची, असं धरू. दोन महिन्यांचे ३६,०००. आठवड्याची सुट्टी धरून २६ दिवसांचा महिना घेतला तर दिवसाचे ६९२ रुपये ३१ पैसे, बारा दिवसांचे ८,३०८. एकूण ४४,३०८. उचल घेतली होती ५,००० रुपये, ती वजा केली की दावा ३९,३०८ चा. उचल लपवू नका. समोरच्याकडे तुमच्या सहीचं व्हाउचर असतं. ते बाहेर आलं की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही संशय येतो. जादा तासांचा दर दुप्पट असतो, पण तारीखवार तास मांडता येत असतील तरच ती रक्कम घाला.

अशा दाव्यांचा निकाल द्यायला नेमलेल्या अधिकाऱ्याला थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. हे ऐकून काहीजण दहापटच मागायला सांगतात. भरपाईची विनंती आम्ही अर्जात घालतोच, पण ती किती द्यायची ते अधिकारी ठरवतो. थकबाकीचा आकडा फुगवू नये.

पुरावा: नियुक्तीपत्र नाही म्हणून घाबरू नका

पगार दिला, हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर आहे (कलम ५९). पण तुम्ही तिथे कामाला होता, एवढं तुम्हाला दाखवावं लागतं आणि पात्रांव (मालक) नाकारतो ते नेमकं हेच. त्यासाठी गेटपास, ओळखपत्र, भिंतीवरच्या ड्युटी-चार्टचा फोटो, ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) क्रमांक, मॅनेजरने गूगल पेवर टाकलेले दोनशे-पाचशे, 'उद्या सकाळच्या पाळीला ये' असा मेसेज, यातलं जे असेल ते चालतं. व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट काढताना 'शेठ' म्हणून सेव्ह केलेलं नाव नको, संपर्काची माहिती उघडून नंबर दिसेल असा काढा. काम सोडल्यावर रागाच्या भरात ग्रुपमधून बाहेर पडू नका आणि चॅट पुसू नका. फोन बदलणार असाल तर जुना सांभाळून ठेवा.

कोऱ्या व्हाउचरवर किंवा 'पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला' अशा कागदावर पैसे हातात पडण्याआधी सही करू नका. करावीच लागली तर खाली तारीख घालून प्रत्यक्ष मिळालेली रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहा, आणि त्या कागदाचा फोटो घ्या.

अर्ज कुठे जातो

काम जिथे केलं तिथे. महाराष्ट्रातल्या बांदा, सावंतवाडी, दोडामार्गाहून रोज येणाऱ्यांना वाटतं, आपल्या तालुक्याला अर्ज केला तर बरं. नोकरी गोव्यात असेल तर तिकडे तो घेत नाहीत. कामगार आयुक्तांचं कार्यालय पणजीत पाटोवर, श्रम शक्ती भवनात आहे. मुरगाव बंदर, रेल्वे, खाणी आणि बँका मात्र केंद्राच्या अखत्यारीत येतात. तिथल्या ठेकेदाराकडे काम केलं असेल तर अर्ज वास्कोला केंद्रीय कामगार अधिकाऱ्यांकडे. हे आधी सांगितलंत तर एक खेप वाचते.

पोलीस चौकीत आधी जाऊ नका, नुसत्या थकलेल्या पगारासाठी तिथून बहुधा कामगार कार्यालयाकडेच बोट दाखवतात. मारहाण झाली किंवा मूळ आधार कार्ड, प्रमाणपत्रं दाबून ठेवली असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर जा. पीएफ कापून भरला नसेल तर ती तक्रार भविष्यनिधी कार्यालयाची, तिचा अर्ज वेगळा होतो. नोकरीवर परत घ्या, ही मागणीही पगाराच्या दाव्यात मिसळू नका.

एकाच जागचे पाच-सहाजण असाल तर सगळ्यांचा मिळून एकच अर्ज करता येतो. फक्त प्रत्येकाच्या हिशेबाचा कागद वेगळा हवा. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. त्याला वेळ लागतो, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आम्ही असं का करतो

दहा मिनिटांत नोटीस टाइप करून देणारे बाजारात आहेत आणि स्वस्तही आहेत. आम्ही दोन दिवस मागतो, कारण मालकाचं कायदेशीर नाव पक्कं झाल्याशिवाय आम्ही कागद छापत नाही. आधी सात दिवसांच्या मुदतीचं मागणीपत्र स्पीड पोस्टाने जातं. ते कायद्याने सक्तीचं नाही, पण पुष्कळदा त्यातच काम होतं. "पैसे देतो, पण नुकसान कापून" असं उत्तर आलं तर तुम्ही तिथे कामाला होता हे त्याने स्वतःच लिहून दिलेलं असतं.

अर्ज मराठीत चालतो, गोव्याच्या राजभाषा कायद्यातच मराठीच्या वापराची तरतूद आहे. तरी समोरच्याचा वकील इंग्रजीत बोलणार म्हणून आम्ही इंग्रजी प्रतही जोडतो आणि सही घेण्याआधी ती तुम्हाला मराठीत किंवा कोंकणीत वाचून दाखवतो. फी ठरलेली आहे, भिंतीवर लावली आहे. सुटलेल्या रकमेत आम्ही टक्का घेत नाही आणि मालकाला फोन करून दमही देत नाही, तो आग्रह धरू नये. आम्ही वकील नाही. प्रकरण उलटतपासणीपर्यंत गेलं तर कायदेशीर सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, महिलांना आणि औद्योगिक कामगारांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक १५१००. तो अर्जही आम्ही भरून देतो.

येताना आधार कार्ड, बँक पासबुक, हिशेबाचा कागद आणि ज्यात मेसेज आहेत तो फोन आणा. मेच्या शेवटच्या आठवड्यात दारात रांग असते. बिलाचा किंवा परवान्याचा फोटो आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तर तुम्ही येईपर्यंत नाव शोधून ठेवतो.